शेवटच्या बाकाशेजारची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की लोकांना पुढारी आठवतात, पण तसल्या भानगडींशी माझा कधी संबंध आला नाही. साताऱ्यातल्या एका शंभरी ओलांडलेल्या अध्यापक महाविद्यालयाची मी खुर्ची. वर्गात सगळ्यांत मागं, शेवटच्या बाकाशेजारी माझी जागा. माझ्यावर बसून कुणी शिकवत नाही. माझ्यावर बसून दुसरा कसा शिकवतो ते बघतात.

म्हाताऱ्यांनी आपली कर्तबगारी सांगावी असा रिवाज आहे, पण मला आज कबुली द्यायची आहे. बरीच वर्षं ती माझ्या सांध्यांत अडकून राहिली होती.

कॉलेज सुरू झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नाथाजी सुतारानं मला घडवलं. सागवानी लाकूड, वेताची बैठक, आणि उजवा हात मुद्दाम रुंद, वही ठेवून लिहिता यावं म्हणून. त्या वेळचे प्राचार्य त्याला म्हणाले होते, "नाथाजी, खुर्ची अशी कर की बसणाऱ्याला झोप लागता कामा नये." बिचाऱ्यानं पाठीची फळी अगदी ताठ बसवली. तरी झोपणारे झोपलेच.

आमच्याच आवारात सराव शाळा आहे. शिक्षक व्हायला आलेली मुलं-मुली तिथं पाठ घेतात आणि त्यांचे मार्गदर्शक माझ्यावर बसून शेरे लिहितात. 'आवाज स्पष्ट. फळ्यावरील अक्षर सुधारावे. वर्गाचा प्रतिसाद चांगला.' शंभर वर्षांत धोतराची पॅंट झाली, दौतीचं बॉलपेन झालं, शेरे मात्र आहे तेच राहिले. उंटावरून शेळ्या हाकायला फारशी नवी भाषा लागत नाही.

आता इथली एक युक्ती सांगते. वार्षिक पाठाला बाहेरून परीक्षक येतो. त्याच्या आदल्या दिवशी पाठ घेणारी त्याच वर्गाला तोच पाठ एकदा शिकवून घेते. याला 'वर्ग तयार करणं' म्हणतात. मग मुलांना सांगते, "उद्या मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येतंय त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा." मागं बसलेल्या परीक्षकाला नुसतं हातांचं रान दिसतं. शिकवणारी उजव्या हातांनाच विचारते. ही युक्ती कुठल्या पाठाच्या टाचणात लिहिलेली नाही, पण दरवर्षी जुनी तुकडी नव्या तुकडीच्या कानात ती सांगून जाते.

बत्तीस वर्षांपूर्वी ती संयोगिताच्या कानात पडली. संयोगिता तेव्हा तेवीस वर्षांची. इस्लामपूरजवळच्या ऊसवाल्या घरातली, वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्या घरात परीक्षेबद्दल दोनच प्रश्न होते. पहिला नंबर आला का, आणि नाही तर का नाही? पोरगी हुशार होती, मायाळूही होती. फक्त दुसरा नंबर तिला माहीत नव्हता.

पाचवीचा वर्ग, भूगोलाचा पाठ, विषय कृष्णा नदी. आदल्या दिवशी सराव चालू होता आणि मी रिकामी होते. माझ्या डाव्या बाजूच्या बाकावर आक्काताई नावाची मुलगी बसायची. म्हसवडकडून साताऱ्याला हमालीला आलेल्या धोंडीबांची लेक, वय अकरा. प्रश्न आला की उत्साहाच्या भरात तिचा उजवा हात वर जायचा, आणि विचारलं की गप्प.

संयोगिता तिच्याजवळ आली. "बाळ, तुला उत्तर येतं का?"

"न्हाई, बाई."

"मग उजवा कशाला? तू आपली दर वेळी डावाच कर. आणि हा हात इथं धर, खुर्चीला. म्हणजे चुकून वर जायचा नाही."

असं म्हणून तिनं त्या पोरीचा उजवा हात उचलला आणि माझ्या डाव्या हातावर ठेवला. मी तो धरला. लाकडाला धरता येत नाही असं तुम्ही म्हणाल, पण त्या दिवसापुरतं मला ते आलं, आणि तोच माझा गुन्हा आहे.

दुसऱ्या दिवशी परीक्षक माझ्यावर येऊन बसले. त्यांचं कोपर माझ्या डाव्या हातावर, म्हणून आक्काताईनं खालून माझा पाय पकडला. प्रश्न सुरू झाले. हातांचं रान उठायचं, त्यात तिचा डावा हात सगळ्यांत ताठ. मग संयोगितानं विचारलं, "कृष्णाकाठी मोठमोठे दगडी घाट बांधलेलं, देवळांचं गाव कुठलं?"

तेव्हा माझ्या पायावरची पकड सैल झाली. ती बोटं घामानं ओली झाली, उचलली गेली आणि पुन्हा घट्ट बसली. त्या पोरीला उत्तर येत होतं. वर्गात ते मला एकटीला कळलं. एरवी कुणी कूस बदलली तरी मी करकरते. त्या वेळी नुसती करकरले असते तरी परीक्षकांनी वळून पाहिलं असतं. मी गप्प राहिले, आणि परीक्षकांनी माझ्या रुंद हातावर वही ठेवून लिहिलं, 'वर्गाचा प्रतिसाद उत्कृष्ट.'

संयोगिता कॉलेजात पहिली आली. आक्काताईला बक्षीस म्हणून लेमनच्या दोन गोळ्या मिळाल्या.

पण पोरीला कुणी सांगितलंच नाही की ते एका दिवसापुरतं होतं. ती पुढं रोजच डावा हात वर करत राहिली. वर्गशिक्षक भाऊसो गुरुजी इथलेच शिकलेले, त्यांना ती खूण ठाऊक. डावा हात दिसला की ते पुढच्या बाकाकडं वळायचे. पाचवीत ती दोनदा बसली आणि मग यायची बंद झाली. तिच्या जागेवर दुसरी पोरगी आली. शाळेत जागा कधी रिकामी राहत नाही.

संयोगिता याच कॉलेजात प्राध्यापिका झाली. पुढं विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन कक्ष निघाला, तो तिच्याकडं आला. दारावर पाटी लागली, 'मनमोकळं बोला.' तोवर वर्गात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या, म्हणून संयोगिता मॅडमनी मला आपल्या खोलीत नेलं. वार्षिक पाठापुरती मी अजूनही वर्गात जाते, परीक्षकांना मान म्हणून. एरवी भेटायला येणारा माझ्यावर बसतो.

मॅडम वाईट बाई नव्हेत, हे मी छातीठोक सांगते. माझ्यावर बसून किती पोरी रडल्या आणि हसत गेल्या. कुणाचं लग्न त्यांनी पुढं ढकलायला लावलं, कुणाच्या बापाला फोनवर चांगलं खडसावलं. पण मार्च उजाडला की घाबरलेल्या प्रत्येकीला त्या एकच मंत्र द्यायच्या, "काळजी करू नको, वर्ग तयार करून घे." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यंदा दीक्षा आली. दुसऱ्या वर्षाची मुलगी, गणित घेतलेली, बोलायला मोकळी. इस्लामपूरच्या एका शाळेनं तिला शब्द दिला होता की प्रथम श्रेणी आण, जूनपासून रुजू हो. सगळं वार्षिक पाठाच्या गुणांवर अडलं होतं. मॅडमनी तिला डाव्या-उजव्याचं सांगितलं. दीक्षा हसली, म्हणाली, "भारी आहे की, मॅडम!" आणि ते तिनं वहीत लिहून घेतलं.

दोन दिवसांनी ती आईला घेऊन आली. वार्षिक पाठानंतर काही दिवस म्हसवडच्या शाळेत राहून शिकवायचं होतं, त्यासाठी पालकांचं संमतीपत्र लागत होतं. आई दूध डेअरीत पिशव्या भरायच्या कामाला होती. पदर सावरून ती माझ्यावर बसली आणि तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातावर येऊन टेकला. माणसं चेहऱ्यावरून ओळखतात, मी हातांवरून ओळखते. माझ्या वेतात काटा आला.

मॅडमनी कागद पुढं केला. "वाचून सही करा, ताई. वाचता येतं ना?"

आक्काताईनं हसत हसत डावा हात वर केला.

मॅडमना काही कळेना. दीक्षानं मात्र दारातच तोंडावर हात ठेवला.

"वळखलं न्हाई व्हय, बाई?" आक्काताई म्हणाली. "पोरीनं घरात ती डाव्या-उजव्याची गंमत सांगितली आन् मी म्हनलं, आगं, ही तर आमच्या पाठाच्या बाईंची! नाव इचारलं तर संयोगिता. तुमचा नदीचा पाठ हुता बगा. म्या एकदाबी चुकले न्हाई. वाईचं तेवढं मला येत हुतं, मावशी हाय माजी तितं. पर तुमी डावा म्हनलेला, म्हनून डावाच केला."

"तुम्ही... आक्काताई?"

"व्हय! तुमचा पयला नंबर आला, तवा म्या समद्या गल्लीत सांगितलं हुतं, आमी आनला म्हनून." तिच्या आवाजात कौतुकच होतं, टोमणा नव्हता. तो असता तर मॅडमना सोपं गेलं असतं. "सही येती मला. एस्टीची पाटी बी लागती. डेअरीत सुपरवायझर करत हुते, पर रजिस्टर ल्ह्यावं लागतं. मग ऱ्हायलं."

तिनं सही केली आणि चहा घेऊन गेली. मॅडमनी माझ्या डाव्या हातावरून बोट फिरवलं. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दीक्षा एकटी आली. ती बसली नाही. "मॅडम, मी वर्ग तयार करणार नाही. काल सराव पाठाला करून बघितलं, तर आठ डावे हात निघाले. त्यातली कुठली उद्याची माझी आई असेल, मला काय माहीत?"

इथं मॅडमनी 'शाबास' म्हणायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही असेल. पण त्यांच्या डोळ्यांपुढं इस्लामपूरची नोकरी होती. आईचं आपल्या हातून जे गेलं ते लेकीच्या पदरात घालावं, असा काहीतरी हिशेब त्यांनी मनाशी मांडला.

"दीक्षा, या वेळेपुरतं कर. परीक्षक कडक आहेत. नोकरी लागली की मग तुझ्या वर्गात तुला हवं तसं शिकव."

"तुम्हीपण असंच ठरवलं होतं का, मॅडम?"

मॅडमनी टेबलावरचे कागद सारखे केले. पोरगी नमस्कार करून निघून गेली.

वार्षिक पाठाच्या दिवशी मला पाचवीच्या वर्गात नेलं. बाहेरचे परीक्षक माझ्यावर बसले, मॅडम शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. विषय अपूर्णांक. दीक्षानं विचारलं, "एक चतुर्थांश मोठा, की एक अष्टमांश?" जेमतेम सहा हात वर झाले. परीक्षकांचं पेन हललं. दीक्षानं त्या सहांतल्या कुणाला विचारलंच नाही. ती सरळ मागं, माझ्याशेजारच्या बाकावरच्या क्रांतीकडं आली.

"क्रांती, तुला काय वाटतं?"

"आठवा मोठा. आठ मोठे असतात." वर्ग हसला.

दीक्षा हसली नाही. तिनं कागदाच्या दोन सारख्या गोल भाकऱ्या काढल्या आणि एक क्रांतीच्या हातात दिली. "ही चौघींत वाट." क्रांतीनं घडी घातली, फाडली. "आता ही दुसरी आठ जणींत." पोरीनं पुन्हा घडी घातली, चुकली, पुन्हा घातली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. अख्खा वर्ग मागं वळून बसला होता आणि फळा कोराच होता. शेवटी क्रांतीनं दोन तुकडे शेजारी शेजारी धरले आणि ओरडली, "आवं बाई, आठ जणी आल्या की वाट्याला कमीच येतंय!"

वर्गात हसू फुटलं, या वेळी तिच्याबरोबर. तेवढ्यात घंटा झाली. पाठाची निम्मी उद्दिष्टं टाचणातच राहिली.

परीक्षकांनी माझ्या हातावर वही टेकवून लिहिलं, 'वेळेचे नियोजन नाही. प्रतिसाद कमी. पाठ अपूर्ण.' मग मॅडमकडं वळून म्हणाले, "मुलगी बरी आहे, पण चाळीसपैकी बावीसच्या वर देता येणार नाही. तुमचं काय म्हणणं?"

मॅडमना त्यात बोलायचा हक्क होता, त्या अंतर्गत परीक्षक होत्या. माझी पाठ ताठ आहेच, ती अजून ताठ झाली. बोला बाई, आता तरी बोला.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

गुण सूचनाफलकावर लागले. दीक्षाची प्रथम श्रेणी तेवढ्यानं हुकली आणि इस्लामपूरच्या शाळेनं दिलगिरी कळवली. दीक्षा बॅग भरून म्हसवडला शिकवायला गेली, मॅडमना न भेटता.

मॅडमनी आक्काताईला निरोप धाडला. ती आली ती डेअरीची पाळी संपवून, तशीच. मॅडमनी दार लावून घेतलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. तो डावा हात ही कशी फसवणूक होती, त्यानं तिची शाळा कशी गेली, आणि त्याच्यावर आपण कसा पहिला नंबर मिळवला. सांगताना त्यांचं प्राध्यापिकेचं मराठी गळून पडलं. "लय चुकलं माझं, आक्काताई. लय."

आक्काताई माझ्यावर बसून ऐकत होती. माझ्या हातावरची तिची बोटं गच्च होत गेली.

"पाठ झाल्यावर व्हरांड्यात तुमी मला म्हनलेला, परत येते, तुला येगळं शिकवते. म्या पुढलं वरीसभर खिडकीकडं बगत हुते. मग म्हनलं, मोठ्या मान्सांना कामं असत्यात. राग न्हाई धरला." तिचा आवाज आता बदलला. "पर माज्या पोरीनं मागं बसलेल्या पोरीला शिकीवलं, तवा तुमी तितंच हुता न्हवं? मग का बोलला न्हाई?"

मॅडम टेबलाशी बसल्या आणि त्यांनी कागद ओढला. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला एक आणि इस्लामपूरच्या मुख्याध्यापकांना एक. दीक्षाच्या वर्गात खरं काय घडलं, आपण तिथं गप्प का बसलो, आणि बत्तीस वर्षांपूर्वी आपण स्वतः काय केलं, सगळं नावानिशी. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या बाईनं असलं पत्र लिहायचं म्हणजे आपल्या हातानं आपली अब्रू वेशीवर टांगायची. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वाचून दाखवते."

"नगं. हिकडं द्या. मला लावून वाचायचंय."

पत्र माझ्या रुंद हातावर ठेवून ती बोटानं एकेक अक्षर लावू लागली. खूप वेळ लागला. मॅडम तिच्याशेजारी उभ्या होत्या. "मी... आ... आक्का... ताई... कडं..." ती थांबली. बोट एका शब्दावर अडलं. "ह्यो न्हाई लागत. काय लिवलंय?"

"दुर्लक्ष."

"म्हंजी?"

"म्हणजे... तू समोर होतीस आणि मी बघितलं नाही."

"मग तसं लिवा की सरळ," आक्काताई म्हणाली. "अवघड शबूद कशाला?"

मॅडमनी तो शब्द खोडला आणि तसंच लिहिलं. दोन्ही पत्रांत.

निघताना मॅडम म्हणाल्या, "तू येत जा, मी शिकवीन." आक्काताईनं मान हलवली. "तुमी या. या खेपंला तुमी यायचं." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मॅडमनीही ते मागितलं नाही.

पत्रांची उत्तरं अजून आलेली नाहीत. येतील, न येतील. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं होतं, परतल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. गुरुवारी डेअरीत आक्काताईची सुट्टी असते. चार वाजले की मॅडम खोलीला कुलूप लावतात आणि तिच्या घरी जातात. तिथं काय आणि किती शिकून होतं ते मला ठाऊक नाही. मी इथंच असते.

माझा एक पाय आता खिळखिळा झालाय, बैठकीचा वेत फाटलाय. कॉलेजच्या जुन्या वस्तू एका कोपऱ्यात मांडायच्या आहेत म्हणे, तिथं मला ठेवून पुढं दोरी बांधणार आहेत. बांधोत बापडे. पण माझ्या जागी जी कुठली प्लास्टिकची खुर्ची येईल, तिच्यावर बसणाऱ्यांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. शेरा लिहायच्या आधी शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते वळून बघा, आणि तिला तिचं नाव विचारा. शंभर वर्षांत माझ्यावर बसलेल्या एकानंही ते विचारलं नाही.